निर्मलाबाईचा तांबेरा

निर्मलाबाईला गव्हातलं सगळं कळतं, ही गोष्ट गावात सर्वांत आधी निर्मलाबाईनंच सांगितली होती. पुढं ती कोणी खोडून काढली नाही, कारण खोडायला गव्हातलं कळणारं माणूस लागतं आणि हा मुलूख धानाचा. इथली माणसं डोळे मिटून नुसत्या वासावर तांदूळ ओळखतील, पण गहू म्हणजे पाहुणा. धान निघालं की विहिरीजवळच्या एखाद्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तो उतरायचा, होळीपर्यंत राहायचा आणि जायचा. अशा ठिकाणी गव्हाचं जाणकार व्हायला फार काही लागत नाही. आवाज लागतो. तो निर्मलाबाईकडं होता.

त्यांचं शेत भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून दोन बांध्या आत. धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, इकडं निर्मलाबाई आणि तिचा नवरा केवळराम. तिकडं धाकटी जाऊ बेबीबाई आणि धाकटा दीर इश्वर. घर वेगळं झालं तेव्हा सासूनं भांडी वाटली, बैल वाटले, आणि शेवटी धान्याच्या ढोलीत हात घालून बन्सी गव्हाचं बियाणंही दोघींच्या पदरात सारखंच ओतलं. हे तुटू देऊ नका, एवढंच म्हणाली. बेबीबाईनं ते दरसाल पेरून जपलं. निर्मलाबाईनं आपला वाटा तिसऱ्याच वर्षी दळून खाल्ला.

"बन्सी उंच वाढते, वाऱ्यानं लोळते, अन् ओंबी धरता धरता म्हातारी होते," असं ती म्हणायची. मग तिनं भंडाऱ्याहून नवा बुटका गहू आणवला. तो खरंच भराभर वाढला, भरभरून पिकला, आणि त्यात निर्मलाबाईचा हात बियाणं मागवण्यापुरताच होता, हे ती लवकरच विसरली. बेबीनं बन्सी कायले ठेवली, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "तिले काही फेकवत नाही. फुटका माठसुद्धा ठेवते ते."

तरी दोघींचं बरं चाललं होतं. शेवयांना बन्सी लागायची, तेव्हा बायका तांदूळ घेऊन बेबीबाईकडं जायच्या आणि बदल्यात गहू न्यायच्या. लग्नाच्या लांब पोळ्यांना मात्र निर्मलाबाईचा गहू आणि निर्मलाबाईच. चुलीवर मडकं पालथं ठेवायचं, सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि एका झोकात तापल्या मडक्यावर पांघरायची. गावात मांडव पडला की मडक्यापुढचा पाट तिचा. त्या पाटावर बसलेली निर्मलाबाई स्वतःला फार आवडायची.

सत्त्याऐंशी सालच्या वैशाखात बेबीबाईच्या मुलाचं, खुशालचं, लग्न व्हायचं होतं. घरचं पहिलं लग्न. निर्मलाबाईनं माघातच सगळ्यांना सांगून ठेवलं की आजपर्यंत टाकल्या त्या पोळ्या नव्हत्याच. पोळी काय असते ते खुशालच्या मांडवात दाखवतो.

आणि त्याच माघात, रथसप्तमीला, तो प्रकार झाला.

बेबीबाईकडं हळदीकुंकू होतं. निर्मलाबाई सगळ्यांत आधी गेली, तिळाचे लाडू खाल्ले, त्यात गूळ कमी आहे हे सांगितलं, रीतीप्रमाणं जावेच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, आणि वाण पदराखाली घेऊन निघाली. घरी जाता जाता म्हटलं, गव्हात डोकावून यावं.

गव्हाचं वरचं पान, ज्याच्या जिवावर ओंबी भरते ते, पिवळट तपकिरी ठिपक्यांनी भरलं होतं. एक नाही, दोन नाही, रस्त्याकडच्या अख्ख्या बांधीत. जणू कोणी तापल्या तव्यावरचं तेल शिंपडत गेलं होतं.

निर्मलाबाई दोन पावलं मागं सरली. पण जाणकाराला घाबरून चालत नाही. तिनं रेडिओवर ऐकलं होतं की गव्हाच्या पानावर तांबेरा पडला तर बोट फिरवून पाहावं, बोटाला लाल भुकटी लागते. तिनं पान धरलं, बोट फिरवलं, पाहिलं. बोट लाल.

झालं. तांबेरा.

मग तिनं धुऱ्यापलीकडं पाहिलं. बेबीबाईची बन्सी हिरवीगार उभी होती. एका पानावर ठिपका नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, रोग तिकडं नाही, म्हणजे तिकडून आला नाही. पण निर्मलाबाईची अक्कल त्या दिवशी जोरात होती. तिला वाटलं, रोग पोसणारा स्वतः असाच धडधाकट राहतो.

विहिरीवर इश्वर बैलांना पाणी पाजत होता. चार बाया होत्या. पाहुण्यांचं आटोपून बेबीबाईही घागर घेऊन आली होती.

"इश्वरभाऊजी," निर्मलाबाई म्हणाली, "तुमच्या बन्सीनं माहा गहू खाल्ला."

इश्वर म्हणाला, "वयनी, बन्सीले दात कधी आले?"

"हसू नका. तांबेरा हाय. सासूबाईच्या जमान्यापासून तेच तेच बियाणं पेरून राहिले, त्यात रोग घर करते. पाहा, बोट पाहा." तिनं बोट सगळ्यांपुढं नाचवलं. "लाल हाय का नाही?"

"लाल तं हाय," एक बाई म्हणाली.

बेबीबाईनं बोटाकडं पाहिलं. मग का कोण जाणे, स्वतःच्या कपाळाला हात लावला. "बाई," ती हळूच म्हणाली, "घरी चाल. हात धू, मंग बोलू."

हात धू. म्हणजे पुरावा धुऊन टाकायचा बेत. निर्मलाबाईनं बोट आणखी उंच केलं. "हात कायले धू? पाहू दे सगळ्यायले."

बेबीबाईनं घागर भरली आणि ती गेली. त्यानंतर ती निर्मलाबाईशी बोललीच नाही.

बोलणं तुटलं हे निर्मलाबाईला सुरुवातीला आपल्या बाजूचाच पुरावा वाटलं. खोटं असतं तर भांडली असती. गावच्या बायकांनाही तसंच वाटलं असावं, कारण तांदूळ घेऊन बन्सी न्यायला तेव्हापासून कोणी फिरकलं नाही. शेवयांचे दिवस आले तरी बेबीबाईच्या ढोलीतली मागच्या सालची बन्सी तशीच पडून राहिली. रोगाच्या गव्हाच्या शेवया कोण करणार.

इकडं निर्मलाबाईनं आपल्या गव्हावर राख उधळली. मग ताक शिंपडलं. राख पडल्यानं पानं राखट दिसायला लागली आणि ताकाला मुंग्या आल्या. ठिपके वाढतच होते. ज्या दिवशी ऊन कडक पडायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी जास्तच.

केवळराम हे सगळं धुऱ्यावर बसून बघायचा. बोलण्याची त्याला घाई नसायची. "ताक मले दिलं असतं," एवढं म्हणाला.

फाल्गुन लागता लागता तेजराम सर आले. हे नागपूरच्या शेतकी कॉलेजातले, पण मूळ लाखांदूरकडचे. त्यामुळं पँट घातलेली असली तरी धुऱ्यावरून घसरायचे नाहीत. त्यांनी मोठ्या रस्त्याकडेच्या काही शेतांमध्ये तंबाखूच्या कुंड्या ठेवल्या होत्या. एक जोडी केवळरामच्या धुऱ्यावर होती. कशासाठी, ते केवळरामनं विचारलं नव्हतं. तंबाखू आपल्या धुऱ्यावर कोणी फुकट आणून ठेवत असेल तर विचारायचं कशाला.

सर कुंडीपुढं वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. तंबाखूच्या पानांवर पांढुरके ठिपके होते.

"केवळरामभाऊ, याची दोन पानं कोणं तोडली?"

केवळराम रस्त्यावरचे ट्रक बघायला लागला. "बकरी असंन," तो म्हणाला.

"बकरी तंबाखू खात नाही."

"मंग चांगलंच केलं तिनं. काही दम नव्हता त्यात."

सर हसले आणि गव्हाकडं वळले. तसे त्यांचे डोळे बारीक झाले. निर्मलाबाई याच घडीची वाट पाहत होती. डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं झाली.

"तांबेरा हाय, सर. तिकडच्या बन्सीनं आणला."

सरांनी पान तोडलं, उन्हात धरलं, उलटंसुलटं पाहिलं. खिशातला पांढरा रुमाल काढून पानावर खसाखसा घासला. रुमाल पांढराच राहिला.

"बाई, हा तांबेरा नाही."

"मी बोट लावून पाहिलं, सर. लाल आलं होतं. गावानं पाहिलं."

"मंग आता लावून पाहा."

तिनं लावलं. जोरानं लावलं. पान फाटलं, बोटाला हिरवा रस आला. दुसरं पान, तिसरं पान. लाल काही येईना.

"मंग हे काय हाय?" तिनं विचारलं. आवाज थोडा उतरला होता.

"हवा."

"हवा तं सगळ्यायच्याच वावरात हाय."

"हाय ना. तेच तं पाहून राहिलो." सर धुऱ्यावर बसले. ट्रकांचा धूर, शहराकडून वाऱ्यानं येणारा धूर, त्यावर आपल्याकडचं ऊन. उन्हात तो धूर शिजतो आणि त्याचा एक वायू होतो, ओझोन नावाचा. डोळ्यांना दिसत नाही. आभाळात उंचावर असला तर बरा, उन्हापासून आपल्याला वाचवतो; खाली पिकात उतरला की पानं भाजतो. तंबाखूच्या या जातीला तो लवकर लागतो, म्हणून ही कुंडी. आणि आता पाहावं तर गव्हालाही.

"मंग बेबीची बन्सी काहून नाही भाजली? वारा काय धुऱ्यावर थांबते?"

"पानाले बारीक बारीक तोंडं असतात, बाई. त्यातून ते हवा घेते. तुमचा नवा गहू ती तोंडं चांगली मोठी उघडतो. म्हणून लवकर वाढतो, जास्त पिकतो. पण हवाच खराब असली तं तेही जास्त पोटात जाते. जुना गहू तोंड आवळून असतो. सध्या हा माहा अंदाज हाय. नक्की सांगायले अजून दोनतीन सालं पाहावं लागंन."

केवळराम आतापर्यंत ट्रक बघत होता. तो सावकाश वळला. "म्हंजे जो तोंड जास्त उघडते, तो भाजते."

"तसं म्हणा."

"मंग तो गहू आमच्याच घरचा हाय," केवळराम म्हणाला, आणि पुन्हा ट्रक बघायला लागला.

सर गेले. निर्मलाबाई धुऱ्यावरच उभी राहिली. बोटाचा हिरवा रस पदराला पुसता पुसता ती विचार करत होती, की तेव्हा लाल कसं आलं. पान तेच. बोट तेच. दिवस तेवढा वेगळा. तेव्हा रथसप्तमी होती.

आणि तिला बेबीबाईचं कपाळ दिसलं. ठसठशीत कुंकू. आपणच लावलेलं.

अख्ख्या गावापुढं नाचवलेला तांबेरा गव्हाला नव्हताच. तो तिच्या बोटाला होता, आणि जिच्यावर आळ घेतला तिच्याच कपाळाचा होता. निर्मलाबाईनं आयुष्यात बऱ्याच चुका केल्या होत्या, पण एवढी टिळा लावून केलेली ही पहिलीच.

आता दुसरं कोणी असतं तर सरळ जावेच्या दारात गेलं असतं. निर्मलाबाई दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली.

"तांबेरा नाही तो," ती बायकांना म्हणाली. "ओझोन हाय."

"बाप्पा. ते काय असते?"

"वायू असते. वरतं असला तं बरा, खालतं आला तं वाईट. आता तुमाले सांगून काय समजणार. पानाले तोंडं असतात."

चारआठ दिवसांत ओझोनमधलं गावात सर्वांत जास्त कोणाला कळतं, याबद्दल निर्मलाबाईच्या मनात शंका उरली नाही. बन्सी चांगली आहे, बिनधास्त न्या, असंही ती प्रत्येकीला बजावून सांगायची. बोटाचं मात्र कोणाला सांगितलं नाही. बायका पुन्हा तांदूळ घेऊन बेबीबाईकडं जायला लागल्या. आपण सगळं निस्तरलं, असं निर्मलाबाईला वाटलं. मग एकदा धुऱ्यावर बेबीबाई समोरून आली, आणि काही न बोलता बाजूनं निघून गेली. तेव्हा कळलं की सगळ्या गावाला सांगून झालं, जिला सांगायचं तिला सोडून.

गहू निघाला. दाणा असा की ओंजळीतून वाऱ्यावर जाईल. केवळरामनं एक मूठ हातात घेतली आणि परत पोत्यात सोडली. चक्कीवाल्या भैयाजीनं डबा उघडून नाकाजवळ नेला.

"निर्मलाबाई, दळायचं काय हाय? गहू का जिरं?"

"दळा गुपचाप."

"फोडणीले थोडं ठेवू का?"

तिला हसू आलं नाही, आणि रागही आला नाही. एरवी असं बोलल्यावर भैयाजीला चक्की बंद करून पळावं लागलं असतं.

चैत्र संपता संपता खुशाल लग्नाचं सांगायला आला. पाया पडला. लाजरा पोरगा. "मोठीमाय, तुम्ही दोघं चार दिवस आधीच या."

"येतो ना. मडकी कोणती घेतली? नवीन कोरं घेऊ नका, तडकते. एक शिजवून वापरलेलं असलं तं..."

खुशाल पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. "मोठीमाय, आईनं पोळ्यायले लाखांदूरची आनंदाबाई सांगितली हाय."

निर्मलाबाई म्हणाली, "चांगली हाय ते." आनंदाबाईचं नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती.

तो गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली. मुख्य म्हणजे, तिला बेबीबाईचा राग येत नव्हता. येत असता तर सोपं गेलं असतं. गावातल्या सगळ्या परक्या लग्नांत ती मडक्यापुढं बसली होती आणि घरच्या पहिल्या लग्नात पंगतीत बसून दुसरीची पोळी खाणार होती. तीही मुकाट्यानं, नावं न ठेवता. हे जास्त अवघड होतं.

त्या दुपारी तिनं उगाच, हाताला काम म्हणून, त्या जिऱ्यासारख्या गव्हाची कणीक भिजवली. पीठ काळपट होतं. आपटून आपटून मळलं, झाकून ठेवलं, मडकं पालथं घातलं. गोळा हातावर घेतला आणि ती थबकली. कणीक ताणत गेली. मनगट ओलांडलं, कोपर गाठलं, तरी तुटेना. दाणा भरलाच नव्हता, पीठ कमी होतं, पण जे काही होतं त्याला चिवटपणा असा होता की विचारू नका. पोळी मडक्यावर पडली, फुगली, उतरली.

केवळरामनं ती पोळी घडी घालून खाल्ली. दुसरी मागितली. "गहू दिसाले वाईट हाय," तो म्हणाला, "पण एवढा काही वाईट नाही." तो बायकोकडं पाहत होता की पोळीकडं, ते तिनं विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस रस्त्यावरून गेली त्या सुमाराला, निर्मलाबाई पिठाचं टोपलं डोक्यावर घेऊन धाकट्या दिराच्या घरामागच्या मांडवात शिरली. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं होतं आणि तिन्हीदा त्यात ओझोन आला होता.

मडक्यापुढं आनंदाबाई बसली होती. बाई हुशार होती, हात चांगला होता, पण पीठ बाजारचं. गोळा हातावर घेतला की मनगटावरच फाटायचा. बाजूच्या परातीत फाटक्या पोळ्यांचा ढीग झाला होता. बेबीबाई घामानं डबडबून चुलीत लाकूड सारत होती. कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत उतरलं होतं.

निर्मलाबाईनं टोपलं खाली ठेवलं. सगळं ठरवलेलं विसरली.

"बेबी, तो तांबेरा नव्हता," ती म्हणाली. "ते... रथसप्तमीचं..."

"मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. तुनंच तं माह्या कपाळाले लावलं होतं. दिसत होतं ना मले, तोच रंग."

"मंग बोलली काहून नाही?"

बेबीबाईनं लाकूड खाली ठेवलं. "बोलली ना. म्हटलं, हात धू. त्याच्या पुढं तू कोणाले बोलू दिलं?" तिचा आवाज जरा फाटला. "महिनाभर माही बन्सी ढोलीत पडून राहिली, बाई. सासूबाईनं दिलेली. रोगाची म्हणून."

चुलीतलं लाकूड तडतडलं. आनंदाबाईनं समजून उमजून एक फाटकी पोळी उलटवली. एवढा वेळ गप्प उभी राहिलेली निर्मलाबाई बेबीबाईनं कधी पाहिली नव्हती. तिनं टोपल्यावरचं फडकं उचललं, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं.

"काळं हाय."

"काळं हाय. पण ताणते."

"लाज तं नाही काढणार?"

"माही तं काढून झाली," निर्मलाबाई म्हणाली. "आता आणखी काय काढंन."

बेबीबाईच्या ओठाचं एक टोक हललं. आनंदाबाई स्वतःच पाटावरून उठली, कंबर सरळ करून म्हणाली, "बस वो बाई. मले तं हे पीठ आयकून नाही राहिलं."

निर्मलाबाई बसायला निघाली.

"हात धू आधी," बेबीबाई म्हणाली.

निर्मलाबाईनं हात धुतले. बेबीबाईनं तिचं ते बोट धरलं, उजेडात नेलं, उलटंसुलटं पाहिलं, आपल्या पिवळ्या पदरावर घासलं, आणि पदर पाहिला.

"साफ हाय. बस."

कणीक मळता मळता निर्मलाबाईनं चुलीकडं बघत विचारलं, "बन्सीचं थोडं बियाणं देशीन का? धुऱ्याजवळची एक बांधी पेरतो म्हणतो."

"पोळ्या पाहून सांगतो."

पहिला गोळा हातावर घेतला. मांडवात चारपाच बायका जमल्या होत्या, नवीन सोयऱ्यांकडची एक म्हातारीही होती. निर्मलाबाईला राहवलं नाही. गोळा झुलवत ती म्हणाली, "हे पीठ साधं नाही बाप्पा, याले ओझोन लागला हाय. ओझोन म्हंजे..." आणि पोळी मडक्यावर पडता पडता मधोमध फाटली. भोक एवढं की त्यातून चुलीचा जाळ दिसला.

बेबीबाईनं ती पोळी काढली आणि परातीतल्या ढिगावर टाकली.

"बाई," ती म्हणाली, "तोंड मिटून टाक."

निर्मलाबाईनं तोंड मिटलं. दुसरी पोळी कोपरापर्यंत गेली.